बर्फातली चंदेरी

प्रवासाची बॅग भरली की आमच्या त्र्यंबकभाऊजींना पित्त होतं, आणि तेही फक्त उत्तरेकडे जायचं असेल तर. कोल्हापूर, गोवा, अगदी रामेश्वरसुद्धा त्यांना मानवतं. पण सुमाताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, केदारनाथचं नाव काढलं की हे कपाळाला सुंठेचा लेप लावून आडवे. दोनदा तिने यात्रा कंपनीत दोघांची नावं घातली आणि दोन्ही वेळा रद्द केली. तिसऱ्या खेपेला मात्र तिने मला फोनवर सांगितलं, "हेमा, माझे गुडघे अजून फार तर एक वर्ष माझं ऐकतील. या मे महिन्यात मी जाणार. हे आले तर यांच्यासह, नाहीतर यांच्याशिवाय. सोमवारपर्यंत नाव पक्कं करायचंय."

भाऊजींच्या पित्ताचं मूळ आम्हा दोघी बहिणींना चांगलं ठाऊक आहे. ते मूळ छापील आहे, रंगीत आहे, आणि एके काळी ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी देवघरांच्या शेजारी टांगलेलं होतं.

भाऊजी डोंबिवलीचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, कॅलेंडरं, लग्नपत्रिकांवरचे गणपती, काय म्हणाल ते. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच कल्याणच्या बाबुराव छापखानेवाल्यांनी त्यांना बोलावलं आणि बद्री-केदार यात्रेचा चित्रमय नकाशा काढायला सांगितला. खाली हरिद्वार, वर केदारनाथ आणि बद्रीनाथ, मधून निळी गंगा, लाल रस्ता, जागोजाग देवळं, धर्मशाळा, झुलते पूल. बाबुरावांनी हाताशी एक यात्रेचं पुस्तक आणि देवळांचे चार फोटो दिले. फोटो इतके जवळून घेतलेले की देवळाचा दगड न् दगड दिसे, पण मागच्या डोंगराचा पत्ताच नाही.

भाऊजी तोवर घाटसुद्धा चढलेले नव्हते. मग त्यांनी काय करावं? चाळीच्या गच्चीवर चढले. तेव्हा मध्ये टॉवर नव्हते, डोंबिवलीच्या गच्चीवरून चंदेरीचा डोंगर स्वच्छ दिसायचा. एक उभा सुळका आणि बाजूला उतरता खांदा. यांनी तो जसाच्या तसा उचलला, वरून पांढरा रंग थापला आणि केदारनाथाच्या मागे उभा केला. झाला हिमालय.

इथवरही ठीक होतं. पण नकाशा छापून आला तेव्हा त्याच्या तळाशी बाबुरावांनी स्वतःच्या मनाने एक ओळ घातलेली होती: ‘प्रत्यक्ष पाहून रेखाटलेला. चित्रकार त्र्यंबक, डोंबिवली.’ नवा पेंटर, पहिलं मोठं काम. भाऊजी मूग गिळून गप्प बसले. नकाशा धो धो खपला. यात्रा कंपन्या तो पिशवीबरोबर फुकट वाटायच्या. लोक भाऊजींच्या पाया पडायला लागले. "कसं वाटलं हो वर?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "वर्णन करता येत नाही." ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. मेहुणीचा हक्क आणि वर भूगोलाची शिक्षिका, मग मी कशाला सोडते? "भाऊजी, यंदा चंदेरीवर बर्फ किती पडला?" असं मी दर दिवाळीला विचारायचे. तेही हसायचे. पण एकदा ताई आत चहा करत असताना हळूच म्हणाले, "तू थट्टा करतेस, ठीक आहे. पण लोकांनी त्या डोंगराला हात जोडलेत गं. खरा डोंगर समोर आला की मी त्याला काय तोंड दाखवू?" त्यानंतर मी तो प्रश्न विचारणं बंद केलं. मला त्यांची फार दया आली, आणि बाबुरावांचा अस्सा राग आला की सांगता सोय नाही.

तर सोमवार चार दिवसांवर आलेला असताना सौमित्र नावाच्या एका मुलाचा भाऊजींना फोन आला. हा ठाण्याचा. जुने यात्रेचे नकाशे गोळा करतो. त्याने एका सभागृहात त्यांचं प्रदर्शन मांडलं होतं आणि ज्यांच्या घरी असे नकाशे आहेत त्यांनाही ते घेऊन बोलावलं होतं. भाऊजींचा नकाशा तर भिंतीच्या मधोमध लावला होता. भाऊजींना लगेच पित्त झालं. मी म्हटलं, "पित्त ठाण्यालाही घेऊन चला, तिथे डॉक्टर आहेत," आणि ताईसकट त्यांना गाडीत बसवलं.

सभागृहात भाऊजी आपल्या नकाशाकडे पाठ करून दारापाशी उभे राहिले. तेवढ्यात बाळकुमच्या गोदाबाई आल्या. सत्तरीच्या, ठसठशीत कुंकवाच्या जागी आता नुसतं गोंदण, अंगावर जरीचं लुगडं. त्यांच्या भातशेतीवर टॉवर झाले आणि आता त्या त्याच टॉवरात अकराव्या मजल्यावर राहतात. मुलगा दिपेश त्यांना घेऊन आला होता. त्यांच्या हातात भाऊजींच्याच नकाशाची एक प्रत होती, चौकटीतली, आणि डोंगराच्या सुळक्यावर हळदकुंकवाचा जाड थर. काच बहुधा नंतर बसवलेली.

सौमित्रने ओळख करून दिली, "आजी, हे चित्रकार."

गोदाबाईंनी नकाशा दिपेशकडे दिला आणि वाकून भाऊजींच्या पाया पडल्या. भाऊजी विंचू चावल्यासारखे मागे सरले.

"बाई, नका. मी तिथे कधी गेलोच नाही," ते सगळ्यांसमोर बोलून गेले. "खाली लिहिलंय ते खोटं आहे. हा डोंगर मी आमच्या गच्चीवरून बघून काढला. फसवलं मी तुम्हाला."

ताईने माझा हात घट्ट धरला. सौमित्र बिचारा कुठे बघावं ते न कळून आपल्या बुटांकडे बघत होता.

गोदाबाई मात्र हसायला लागल्या. "आवो, यो डोंगर चंदेरी हाय त्ये मना ठावं नाय का? माझा म्हायेर शीलफाट्याचा. आमचे परसातून रोज दिसायचा. माझी आय बोलाची, ‘गोदे, केदार काय लांब नाय गो, आपले चंदेरीचे खालीच हाय.’ ती बिचारी कवा गेली नाय. पन माझा मालक वारला न् मी बोलली, मी जानार. नाशिकचे पुढं कवा पाय टाकला नव्हता मी. सगली बोलली, झेपाचा नाय तुला. मी बोलली, वलखीचा डोंगर हाय. भ्याचा कशाला?"

"आणि तिथे गेल्यावर?" भाऊजींनी विचारलं. आवाज पार खाली गेला होता. "तिथे तर वेगळाच डोंगर दिसला असेल."

"दिसला ना! कुठं आमची चंदेरी न् कुठं त्यो. यवडा मोटा! मना तर हसाया आलं." गोदाबाईंनी पदराने डोळे पुसले. "पन तवर मी पोचलेली ना!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. गोदाबाईंनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना भिंतीकडे वळवलं. "तुमचे नकशानं मी जाऊन आली. तुमी कशाला थांबलाव?"

परतताना मी त्यांच्याबरोबरच डोंबिवलीला निघाले. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे गाडी अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. दोन टॉवरांच्या फटीतून लांबवर चंदेरीची रेघ दिसत होती. भाऊजी तिच्याकडे किती वेळ बघत बसले होते. मग ताईकडे न बघताच म्हणाले, "सुमे, माझंही नाव घाल."

"पित्त?" ताईने विचारलं.

"तेही येईल बरोबर."

मे महिन्यात एका सकाळी ताईचा व्हिडिओ कॉल आला. स्वेटर, कानटोपी, वर आणखी शाल. लाल नाकाची ताई इतकी आनंदात मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती. घोड्यावरून आलो, दर्शन झालं, गुडघे शाबूत आहेत, असं तिने एका दमात सांगितलं आणि फोन फिरवला. देवळामागे आभाळ अडवून तो डोंगर उभा होता. मुलांना पुस्तकातून हिमालय शिकवण्यात माझा जन्म गेला, पण फोनच्या त्या वीतभर काचेत तो पाहिला आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

डोंगरासमोर एका दगडावर भाऊजी बसले होते. मांडीवर कागद, पण हात थांबलेला.

"काय भाऊजी, जमला होता का?" मी ओरडून विचारलं.

"साफ चुकला होता!" ते म्हणाले, आणि खो खो हसले. "सुळका नाही, खांदा नाही, काही म्हणजे काही जुळत नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना? खोटं आहे. जवळून बघ याला."

"मग काढा आता खरा. आता लिहा खाली, प्रत्यक्ष पाहून."

"याला कोण काढणार? माझी काय टाप?" त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "आल्यावर मला पहिलं शीळफाट्याला घेऊन चल. गोदाबाईंसाठी एक चंदेरी काढायचीय. हिरवीगार. चाळीस वर्षं बिचारीला उगीच बर्फात उभी करून ठेवली मी."