चिमाबाईच्या दाराला कोयंडा नाही

अथालच्या पुलावर येईपर्यंत चिमाबाईनं मला दोनदा बजावलं होतं, की तिच्या नवऱ्याच्या, भिकाबाबांच्या बरोबरीनं चालायचं नाही आणि हात तर मुळीच धरायचा नाही. भिकाबाबा पुढे, आम्ही दोघी पंधरा-वीस पावलं मागे. त्यांच्या अंगात निळा शर्ट, पायात कंपनीचे जुने बूट, खांद्याला डब्याची पिशवी. सिल्वासातल्या आमच्या खोल्यांवरून निघून तास होऊन गेला होता. खाली दमणगंगा, पलीकडे भात पिवळं पडायला लागलेलं, आणि आश्विनातलं ऊन सकाळीच पाठीला चावत होतं. ट्रक अगदी शेजारून जात होते.

मी म्हटलं, "मावशी, एखादा अंगावर आला म्हणजे?"

"नवनाथचा बाप सव्वीस वर्षं ह्याच रस्त्यानं जाऊ राह्यला," ती म्हणाली. "ट्रकवाले नवीन आहेत. तो नाही."

मी त्या दिवशी त्यांच्यामागे का चालत होते, ते आधी सांगते, कारण त्यात माझंच चुकलं होतं.

आमच्या दहा खोल्या एका रांगेत आहेत. सारखी दारं, सारखे ओटे. चौथी माझी, पाचवी चिमाबाईची. माणसं शिंदखेड्याकडची. भिकाबाबा तरुणपणी इथल्या यार्नच्या कंपनीत लागले. मशीन रात्रंदिवस चालायचं, पाळी बारा तासांची, आणि नियम असा, की आपल्या जागी येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर उभा राहिल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. त्याला चार्ज द्यायचा, कुठला धागा त्रास देतोय ते सांगायचं आणि मगच निघायचं. एकदा रिलीव्हर आलाच नाही, तर हा माणूस सलग छत्तीस तास उभा होता म्हणे. चिमाबाई ते अजून अभिमानानं सांगते आणि त्याच दमात त्याला येडा म्हणते.

चार वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर झाला. चिमाबाईला ते नाव घेता येत नाही, ती नुसतं 'तो आजार' म्हणते. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की हे आता मागे फिरणार नाही. मुलगा नवनाथ प्लास्टिकच्या कंपनीत बारा तास, सून चंदा पॅकिंगला. घरी चिमाबाई आणि शाळेतून आल्यावर नात गुड्डी. भिकाबाबा गुड्डीला आपली धाकटी बहीण समजतात आणि तिला बोरं आणून द्यायचं कबूल करतात. बायकोला तर ते कुणी शेजारीण समजतात. संध्याकाळ झाली की म्हणतात, बाई, आता घरी जा, तुमच्या घरचे वाट बघत असतील. ती म्हणते, जाते, तुमची भाकर तेवढी टाकते.

श्रावणात ते एकदा एकटेच निघाले आणि बसमध्ये बसले. दिवसभर शोधाशोध. संध्याकाळी खानवेलच्या स्टँडवर सापडले, उपाशी, बूट हातात धरून बसलेले. नवनाथ त्या दिवशी लहान पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं कुलूप आणलं आणि बाहेरून लावून कामाला गेला. चिमाबाई तेव्हा रेशनला गेली होती. परत आली तर आतून दार वाजत होतं. शिफ्ट बदलली, माणूस खोळंबलाय, मला सोडा, असं ते ओरडत होते. दार उघडेपर्यंत हाताची बोटं सोलून निघालेली. तिनं हळद लावली, चहा पाजला. मग माझ्याकडून पेचकस मागून नेला, दाराचा कोयंडा चारही स्क्रू काढून उखडला आणि मोडीत देऊन टाकला. रात्री नवनाथनं विचारलं तर म्हणाली, आता लाव कुलूप, कशाला लावतो ते बघू.

तेव्हापासून ती रोज त्यांच्यामागे चालते. कंपनीच्या गेटपर्यंत आणि परत.

आता माझं. मी दरवर्षी घट बसवते. टोपलीत माती, सात धान्यं, मधे पाण्याचा घट, वर रोज एक माळ, आणि दिवा नऊ दिवस तेवता. एकदा बसवला की दसऱ्यापर्यंत घट जागचा हलवत नाहीत, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. यंदा पाचव्या माळेला मी नळावर गेले होते. हंडा घेऊन आले, तर देवापुढची जागा रिकामी. दिवा तेवढा जळतोय. बाहेर पाहिलं, तर भिकाबाबा माझ्या ओट्यावर उन्हात टोपली घेऊन बसलेले. दारं सगळी सारखी, ते चुकून माझ्या खोलीत शिरले होते. अंधारात उगवलेलं धान पिवळं दिसलं, तर शेतकऱ्याचं पोर ते, त्यांना वाटलं, कुणाचं तरी रोप उन्हावाचून मरतंय. ते ओंजळीनं पाणी शिंपडत होते आणि एका हातानं कोंबडी हाकलत होते.

हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी माझ्या हातातला हंडा खाली गेला आणि मी ओरडले. सगळ्या खोल्या बाहेर आल्या. शेवटच्या खोलीतली लीला म्हणाली, घट हलला, आता ह्या रांगेचं काही खरं नाही. आणि मी बोलले, सगळ्यांसमोर बोलले, की ह्या म्हाताऱ्याला बांधून ठेवा.

चिमाबाई पुढे आली. मला वाटलं, पाया पडेल, माफी मागेल. तिनं टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"देवी अंधारात पिवळी पडू राह्यली होती, त्यानं उन्हात बसवली," ती म्हणाली. "तिला राग आलेला दिसत नाही. तुला आलाय."

मी टोपली उचलायला वाकले तर तिनं अडवलं. म्हणाली, एकदा हलला तो हलला, आता आत नेशील तर दोनदा होईल.  घट ओट्यावरच राहिला. दिवाही बाहेर आणला, त्याला वारा लागू नये म्हणून तेलाचा पत्र्याचा डबा कापून आडोसा केला आणि मी माळ बाहेर बांधली. देवीला म्हटलं, माझं चुकलं असेल तर पदरात घे, त्यांचं चुकलं असेल तर त्यांनाही घे.

पण माझे शब्द तोवर खोलीमालकापर्यंत गेले होते. शेठ दुसऱ्या दिवशी आला. दार बिघडवलं म्हणून तो आधीच चिडलेला. त्यानं नवनाथला सांगितलं, की दसऱ्यानंतर एक तर मी नवा कोयंडा बसवीन आणि तुम्ही म्हाताऱ्याला आत ठेवाल, नाहीतर खोली खाली करा. लोकांच्या देवाला हात लावायला लागला, आता काय राहिलं. मग म्हणाला, जिचा घट हलला त्या बेनलाच उद्या विचारतो, ती म्हणेल ते शेवटचं.

म्हणजे त्या माणसाला कोंडायचं की नाही, ते माझ्या शब्दावर येऊन ठेपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चिमाबाईनं माझं दार वाजवलं. विनवणी नाही, काही नाही. "शेठ तुला विचारणार आहे," ती म्हणाली. "काय सांगायचं ते तुझं तू ठरव. पण बघून सांग. चप्पल घाल."

तर अशी मी त्या पुलावर होते.

आठ वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही गेटवर पोचलो. ती कंपनी आता नाही. कुणीतरी घेऊन तिथं खोक्यांचं गोदाम केलंय. गेटवर नगरकडचा झुंबर नावाचा वॉचमन असतो, तो ह्यांना बाकावर बसवतो. चिमाबाई म्हणते, बाकावर बसला की अर्ध्या तासात त्याचे बारा तास होतात. मग ते उठतात आणि रिलीव्हरची वाट बघतात. झुंबर म्हणतो, आलो मिस्त्री, द्या चार्ज. ते चार्ज देतात आणि घरी निघतात. इतकं सोपं आहे ते, फक्त रोज करावं लागतं.

त्या दिवशी झुंबरची सुटी होती. दुसराच कुणी होता, मिशीवाला. तो हिंदीत म्हणाला, बाबा, आगे चलो, इधर बैठना मना है. चिमाबाईनं विचारलं, बाकाला भाडं आहे का? किती ते सांग. तो बाजूला सरकला. भिकाबाबा बसले. अर्ध्या तासानं उठले, पिशवी खांद्याला लावली आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. चिमाबाईनं त्या वॉचमनला सगळं समजावलं, की दोन शब्द बोल, बास. त्यानं हात जोडले. म्हणाला, मला ह्या भानगडीत घेऊ नका, माझी नोकरी जाईल.

नऊ वाजले. साडेनऊ झाले. ऊन तापलं. भिकाबाबांच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण माणूस जागचा हलेना. माणूस आल्याशिवाय मशीन कसं सोडायचं, एवढंच ते पुटपुटत होते. माझ्या मनात आलं, नवनाथचंच बरोबर आहे. असं भर उन्हात माणसाला उभं करण्यापेक्षा घरात पंख्याखाली कोंडलेला काय वाईट. मी त्यांचा दंड धरायला पुढे झाले, तोच चिमाबाई मला बाजूला सारून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचला.

"मी आले, मिस्त्री," ती म्हणाली. "द्या चार्ज."

त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बाईमाणूस? मशीनवर?"

"आता बायाबी चालवतात."

 मग त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिला अगदी हळू, एकेक शब्द नीट उच्चारत सांगितलं, की बारा नंबरचा धागा सारखा तुटतोय. ओला हात लावू नका. तुटला म्हणून सगळं मशीन थांबवू नका, तेवढाच जोडा. ती मान डोलवत ऐकत होती. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली बाई, नवऱ्याकडून पहिल्यांदा काम शिकत असल्यासारखी.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "घरी कोण आहे तुमच्या?"

"नवरा आहे."

"काही करतो का?"

"रोज ड्युटीला येतो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून घराच्या रस्त्याला लागले. न सांगता, न धरता. पुलावर तर ते काहीतरी गुणगुणत होते. चिमाबाई डोळे पुसत नव्हती, घाम पुसत होती, आणि त्या मिशीवाल्याला खानदेशी शिव्या देत होती. त्या मी इथं लिहीत नाही.

घरी आलो तेव्हा ओट्यावरचं धान दोन दिवसांच्या उन्हानं चांगलं हिरवं झालं होतं. मी ह्याला चमत्कार म्हणत नाही. ऊन लागलं की रोप हिरवं होतं. पण मी हात जोडले.

संध्याकाळी शेठ आला. मागे मैदानात गरब्याच्या भोंग्याची तपासणी चालली होती, त्यामुळे सगळ्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं. त्यानं विचारलं, बोलो बेन, शुं करवानुं, काय करायचं? मी सांगितलं, की घट माझा आहे आणि तो बाहेर बसलाय तिथं बरा बसलाय. मला तक्रार नाही. बांधून ठेवा असं मी बोलले होते, ते वाईट बोलले, आणि सगळ्यांसमोर बोलले म्हणून सगळ्यांसमोर मागे घेते. लीला म्हणाली, उद्या काही अघटित झालं म्हणजे? मी म्हटलं, तर माझ्या नावावर घाल.

शेठनं मान खाजवली. मग म्हणाला, कोयंड्याचं सोडतो. पण रस्त्यावर काही झालं तर माझ्यावर यायला नको. कागदावर लिहून द्या, घरच्यांच्या सह्या करून. आज, आत्ता.

नवनाथ ड्युटीचा डबा घेऊन उभा होता. तो म्हणाला, मी सही करणार नाही. उद्या बाप गाडीखाली आला तर लोक म्हणतील, पोरानं लिहून देऊन मोकळा सोडला. तो खोटं बोलत नव्हता. तो खानवेलचा दिवस त्याच्या अंगातून गेलेला नाही.

 चिमाबाई आत गेली, गुड्डीची वही आणि पेन घेऊन आली आणि माझ्या शेजारी ओट्यावर बसली. तिला लिहिता येत नाही. पेन माझ्या हातात देऊन ती म्हणाली, लिही, की माझा माणूस माझी जबाबदारी आहे आणि ह्या दाराला कोयंडा बसणार नाही. मी लिहिलं. वाचून दाखवलं. तिनं अंगठा केला. शेठनं कागदाला हात घातला, तर तिनं वही मागे ओढून परत माझ्या मांडीवर ठेवली.

"थांब," ती म्हणाली. "त्याच्याखाली अजून एक लिही. उद्या माझंबी डोकं असंच गेलं, तर मलाबी कोंडायचं नाही. हे मोठ्यानं वाच, भोंग्यापेक्षा मोठ्यानं, आणि दोन्हीच्या खाली नवनाथची सही घे. मी मागितली तर तो देणार नाही. बांधा म्हणणारी तूच होतीस, तू मागून घे, बाई."