जेवणाआधी सांगायची गोष्ट

मेहकरच्या फकीर मोहम्मद पिंजाऱ्याचा अकील सोळाव्या वर्षी मामाकडे कामठीला गेला, तो गादीकाम वाढवायला. पण मामाच्या घरामागेच मैदान होतं, आणि तिथं संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळत. अकील उंच आणि काटक. त्याला बचावात मागे उभा केला. पुढची सोळा वर्षं तो मागेच उभा राहिला. आधी नागपुरात, मग कोलकात्यातल्या एका दुसऱ्या श्रेणीच्या क्लबात नऊ हंगाम. गोल त्यानं आयुष्यात दोनच केले, पण चांगल्या चांगल्यांना त्यानं गोलपर्यंत पोचू दिलं नाही.

ते कसं संपलं हे तो सहसा सांगत नसे. एका सकाळी सरावाला गेला, तर कँटीनच्या भिंतीवर टाईप केलेला कागद चिकटवलेला. पुढच्या हंगामात ठेवलेल्यांची नावं. त्यात त्याचं नव्हतं. त्यानं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. तेवढ्यात कोच दारात आला, त्याला पाहून तसाच मागे वळला. नऊ वर्षं मैदानावर त्या माणसानं अकीलला घसा फुटेस्तोवर हाका मारल्या होत्या. त्या दिवशी एक मारली नाही.

अकील मेहकरला परतला, वडिलांच्या दुकानात बसला. काही वर्षांनी गावातल्या हौशी मंडळींनी पैनगंगा क्लब काढला, संघ राज्याच्या तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरवला आणि तो अकीलच्या हवाली केला. खेळाडू निवडणं, सराव घेणं, एसटीच्या तिकिटांपासून पंचांशी वाद घालण्यापर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात. पहिल्याच दिवशी त्यानं बायकोला, हुस्नबानोला, सांगून टाकलं, "किसका भी नाम काटना पडा, तो मैं उसके घर जाके बोलूंगा."

ते त्यानं पाळलं. हंगाम संपला की तो एसटीनं गावोगाव फिरे. अकीलभाई आपल्या फाट्यावर उतरले म्हणजे बूट गुंडाळायची वेळ आली, हे खेळाडूंना ठाऊक झालं.

सातव्या वर्षी त्याला धामणगाव बढ्याला जावं लागलं. राजकुमार तिथला. पहिल्या हंगामापासूनचा गोलकीपर, तेहतीस वर्षांचा, संघाचा जीव. दोन वर्षांपासून त्याचा डावा खांदा गेला होता. डावीकडे उंच आलेला चेंडू त्याच्या हाताला लागत नसे. त्यापायी तीन सामने गेले. चिखलीचा ऋत्विकही गोलकीपर, एकोणीस वर्षांचा, आणि आता राजकुमारहून सरस होता. अकीलनं महिनाभर मनाशी घोळवलं आणि येतो एवढंच कळवून निघाला.

राजकुमार फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभाच होता. त्यानं अकीलला मागे बसवलं. घरी त्याची आई, पुष्पाबाई, चुलीपुढं बसली होती. सून सुचिता हिरवी वांगी भाजत होती.

"या भाऊ," पुष्पाबाई म्हणाल्या. "पोराले कप्तान करून राह्यले म्हणतात, खरं हाये का?"

अकीलनं राजकुमारकडे पाहिलं. तो पायातले जोडे काढत होता, वर बघेना.

"पयले जेऊ, मावशी," अकील म्हणाला.

तिथंच चुकलं. पाट मांडला गेला. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर तेलाची धार. पुष्पाबाई वाढताना शेजारणीलाही हाक मारून सांगत होत्या, की राजकुमारचे मोठे कोच आले आहेत, पोरगा कप्तान होतो आहे. अकील एकेक घास गिळत होता. दुसरी भाकर नको म्हणाला, तर राजकुमारनंच ती त्याच्या ताटात टाकली.

हात धुवायला दोघं अंगणात आले. राजकुमार तांब्यानं पाणी घालू लागला.

"बोला आता," तो म्हणाला.

"या वर्षी तुझं नाव नाही."

"खांदा?"

"खांदा. ऋत्विकले घेतला."

पाणी पडतच राहिलं. अकीलचे हात केव्हाच धुऊन झाले होते.

"तुमी फाट्यावर उतरले तवाच मले समजलं," राजकुमार म्हणाला.

"मंग बोलला काऊन नाही?"

"मायनं तुमच्यासाठी भरीत कराले घेतलं होतं."

पुष्पाबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आवाज चढवला नाही.

"सांगाचंच होतं तं जेवाच्या पयले सांगाचं, भाऊ. उपाशी नसतं धाडलं तुमाले. पण अशी कप्तान कप्तान करत तं नसती वाढत बसली."

अकीलनं पायात जोडे घातले. तो फाट्यापर्यंत एकटाच चालत गेला. घरी जाऊन सांगण्याचा त्याला इतकी वर्षं अभिमान होता. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याला कळलं, की आपण गेलो होतो ते निम्मं स्वतःसाठी, आणि ऐन वेळी त्या कोलकात्याच्या कोचइतकेच भ्यालो.

घरोघर जाणं त्यानं सोडलं नाही. मात्र तेव्हापासून तो पाणीसुद्धा न घेता उंबऱ्यावरच सांगून टाकी. कुणी दार लावून घेई, कुणी आत बसवून चहा देई.

राजकुमारचा फोन कधी आला नाही. त्यानंतर तिसऱ्या वर्षी मेहकरच्या स्टँडवर दोघं अचानक समोरासमोर आले. राजकुमार आता बियाण्याच्या दुकानात कामाला होता. हातात पिशवी होती, ती उजव्याच हातात.

"माय गेली," तो म्हणाला. "दीड वर्ष झालं. तुमाले कळवलं नाही."

"कळवाचं होतं."

"हाव. नाही वाटलं."

राजकुमारची बस येऊन फलाटाला लागली. चढण्याआधी त्यानं विचारलं, "ऋत्विक कसा हाये?"

"चांगला हाये. पण गोल सोडून पुढं लवकर निघते."

"समोरच्याचं डोकं चेंडूकडं खाली गेलं म्हंजे निघाचं, त्याच्या पयले नाही. हे सांगा त्याले."

"तूच येऊन सांग ना."

राजकुमारनं बसकडे पाहिलं. "पाह्यतो," म्हणाला आणि चढला. बस अमडापूरच्या रस्त्याला लागली.

तो अजून आलेला नाही. पण भेट झाली त्याच संध्याकाळी सरावात अकीलनं ऋत्विकला बाजूला घेतलं, समोरच्याच्या डोक्याची गोष्ट दोनदा समजावली, आणि ती कोणी सांगितली तेही सांगितलं.