चित्र काढणाऱ्या मुलीला मी बीएला पाठवलं

मित्रांनो, आज अमरावतीत माझ्या व्याख्यानानंतर हिवरखेडच्या माझ्या ओळखीच्या घरातली वैष्णवी भेटली. शाळेत तिला इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती. घरच्यांना त्याचे दहावीतले वाढीव गुण तेवढे हवे होते.

तिला चित्रकला महाविद्यालयात जायचं होतं. मीच तिच्या वडिलांना ठासून सांगितलं, "भाऊ, बीए करू द्या. विद्यापीठात माणूस चौफेर शिकतो. चित्रं घरीही काढेल."

आज विचारलं, "चित्रं काय म्हणतात?"

"बंदच हायेत, सर. चुकलं तं सांगाले कोणी नाही. आता हातच चालत नाही."

"मग आता घे प्रवेश!"

"बाबा म्हणते, झालं न शिकून."

मला पुस्तकांनी घडवलं, म्हणून तिलाही मी तिकडेच ढकललं. हाताला शिकवणारा माणूस लागतो, हे मला कळलंच नाही.

उद्या हिवरखेडला जातोय, तिच्या वडिलांसमोर चूक कबूल करायला. ते ऐकतील का?