कैरीबरोबर आलेली चटणी

हॉटेलच्या दारात मी चपला काढल्या. फरशी इतकी चकचकीत होती, की पायातलं घेऊन आत जायची लाज वाटली. माझं बघून दोन्ही पोरींनीही काढल्या. बायको मात्र तशीच आत गेली आणि वळून हळूच म्हणाली, "अहो, देवळात आलोय का आपण?" आत चार-पाच परदेशी इंजिनिअर बुटांसकट बसले होते. आता परत जाऊन चपला घालायच्या म्हणजे चूक कबूल करायची. त्यापेक्षा मी अनवाणीच, ऐटीत खुर्चीवर बसलो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. रांजणगावच्या कारखान्यांत परदेशी माणसं येऊ लागली होती. हिच्या माहेरच्या, राहू गावच्या एका गड्यानं त्यांच्यासाठी नगर रोडला हे हॉटेल टाकलं. अमेरिकेत एका फिलिपिनो कुटुंबाच्या हॉटेलात त्यानं बरीच वर्षं स्वयंपाक केला होता. तिथं सकाळी जे वाढायचे, तेच तो इथं वाढायचा. ही गावची बहीण, म्हणून त्यानं आम्हाला रविवारी नाश्त्याला बोलावलं, आणि न्हावऱ्याहून आम्ही चौघं एका मोटारसायकलवर गेलो.

नाश्ता म्हणजे काय, तर लसणात परतलेला भात, त्यावर तळलेलं अंडं, आणि शेजारी जाड धिरड्यांवर ओतलेला गोड पाक.

"सकाळी सकाळी भात?" बायको कुजबुजली. पोरींनी मात्र धिरडी ओढून घेतली.

मग तो गडी खास आमच्यासाठी एक बशी घेऊन आला. कैरीच्या फोडी, आणि वाटीत लालसर-काळपट चटणी.

"दाजी, ही तिकडची चटणी हाय. कोळंबी मिठात मुरवून करत्यात. ताईला चालंल न्हवं?"

ताई समोरच बसली होती. पण आमच्याकडं हॉटेलात बाईचं खाणं पुरुषाला विचारायची रीत, आणि बाईला न विचारता उत्तर द्यायची त्याहून जुनी रीत. ही तेव्हा धाकटीचे पाकानं चिकटलेले हात पुसत होती, तिचं इकडं लक्ष नव्हतं. परदेशी लोकांपुढं खेडवळ दिसू नये म्हणून मी म्हणालो, "चालंल की. आमच्याकडं सगळं चालतं."

कैरी दिसल्यावर ही कशाला थांबते! दोन फोडी चटणीत बुडवून खाल्ल्या, तिसरी हातात घेतली.

सासूबाईंनी लग्नातच सांगून ठेवलं होतं, हिला सुकट देऊ नका, लहानपणी अंग सुजून पोर हातची जात होती. म्हणून आमच्या घरात सुकट कधी शिजली नाही. पण माझ्या लेखी सुकट म्हणजे आठवडे बाजारात कागदात बांधून मिळते ती. या वाटीतही कोळंबीच्या रूपानं तिचंच खानदान बसलंय, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत ही मान खाजवू लागली होती.

"कसंतरीच होतंय मला," ती म्हणाली. बघता बघता ओठ सुजले, मग डोळे. तिनं पाण्याकडं हात केला, काहीतरी बोलायला गेली, आणि आवाजच फुटेना. मंगळसूत्र गळ्यापासून लांब धरून ती नुसती माझ्याकडं बघत राहिली.

मी उठून उभा राहिलो, काय करायचं ते कळेना, म्हणून परत खाली बसलो. खरंच बसलो. हॉटेलवाल्यानंच धावत जाऊन व्हॅन काढली, तिला उचलून मागं ठेवलं, आणि आम्ही शिरूरच्या दिशेनं सुटलो.

गाळपाचे शेवटचे दिवस होते. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, त्याच्यावर ठणाणा वाजणारी गाणी. हॉर्न ऐकतो कोण? मी खिडकीतून निम्मा बाहेर निघून ओरडत होतो, "ए, बाजूला घे! माणूस चाललंय इथं!" ओरडल्यावर कळलं, आपण काय बोललो ते. ते तिनंही ऐकलं होतं.

तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तो नकोसा वाटायचा, आणि थांबला की त्याहून भीती वाटायची. हात इतके सुजले की बांगड्या रुतल्या. धाकटी रडत होती. थोरली आईच्या पायाशी बसून माझ्याकडं बघत होती, आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं. आता या दोघींना घरी घेऊन कसं जायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दवाखान्यात तिला आत नेलं, इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "काय खाल्लं होतं?"

मी सांगितलं.

"त्यांना चालत नाही, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं?"

मी तोंड उघडायच्या आत थोरली म्हणाली, "पप्पांनी त्या मामांना सांगितलं, आमच्याकडं सगळं चालतं."

डॉक्टरांनी मला वरपासून अनवाणी पायांपर्यंत एकदा पाहिलं आणि ते आत गेले.

हॉटेलवाला भिंतीला टेकून उभा होता. "दाजी, म्या ताईलाच इचारायला पायजे व्हतं," तो डोळे पुसत म्हणाला. मी त्याच्या शेजारी भिंतीला टेकलो. दुपारनंतर कधीतरी आतली शिट्टी थांबली, आणि आम्ही दोघं एकदम दाराकडं धावलो. ती सरळ श्वास घेत झोपली होती.

संध्याकाळी सूज उतरली, आवाज आला. तोवर थोरलीनं तिला सगळं सांगून टाकलं होतं. मी स्टुलावर बसून तिचे पाय चेपत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "घाबरलीस का गं?"

तिनं पाय ओढून घेतले.

"मी कधी गेलेच ना," ती म्हणाली, "तर तेराव्याला माझ्या भावाला पुढं करा. तुम्ही आचाऱ्याशी बोलायला जाऊ नका."