वरातीपासून भावाच्या कानापर्यंत

नव्वदच्या आसपास मी आदिलाबादेतल्या एका बँडपार्टीत कीबोर्ड वाजवत होतो. गाडीवर चार भोंगे, मागं जनरेटर, मधे मी. माझं काम ठरलेलं होतं. यंत्रातला तयार ताल सुरू करायचा आणि नवरदेवाचे मामा दमेपर्यंत थांबायचं नाही. मामा लोक सहसा दमत नसत.

त्या उन्हाळ्यात माझा मोठा भाऊ बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतली नोकरी सोडून घरी आला. खाणीतल्या यंत्रांच्या आवाजानं त्याच्या दोन्ही कानांत दिवसभर शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सवय करून घ्या. भावाला सवय होईना. तो माणसांत बसेना. वहिनीनं तीनदा विचारावं तेव्हा एकदा उत्तर द्यायचा.

पावसाळा संपता संपता एका दुपारी माझ्या कीबोर्डची एक पट्टी अडकली. दाबली की वरच येईना. आवाज कमी करून मी पेचकस शोधायला लागलो. सूर तसाच चालू होता. पेचकस घेऊन आलो, तर भाऊ दारात उभा.

"बंद काऊन करून राह्यला?"

"पट्टी बिघडली भाऊ."

"राहू दे. शिट्टी दबून राह्यली."

तो भिंतीला टेकून बसला. मी पेचकस खाली ठेवला आणि त्या सुराखाली खर्जातला एक सूर धरला. बऱ्याच वेळानं तिसरा. ताल नाही, चाल नाही. तासाभरानं भाऊ म्हणाला, "कापूस यंदा बरा दिसते." घरी आल्यापासून त्यानं आपणहून काढलेला हा पहिला विषय. चुलीपाशी वहिनी भाकर थापता थापता थांबली.

मग मी रोज दुपारी तसंच वाजवायला लागलो. बाहेरगावी जायचं असलं की त्याच्यासाठी कॅसेट भरून ठेवायचो. हळूहळू मला तेच आवडायला लागलं. बाजारहत्नूरच्या एका लग्नात पंगत बसल्यावर मी ते लांब सूर धरले. लोक हळू आवाजात बोलायला लागले. बँडमास्तर धावत आले.

"मशीन बिघडली का?"

"नाही."

"मग कोणी मेलं का?"

"नाही मास्तर."

पुढच्या हंगामाला त्यांनी दुसरा वाजवणारा घेतला. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. मी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि घरी वाजवत राहिलो.

भावाच्या सोबतचे खाणकामगार कॅसेटी मागायला यायचे; त्यांच्याही कानांत शिट्टी होती. त्यातल्या एकानं दुकानात बसून अख्खी बाजू ऐकली.

"गाणं कधी सुरू होते जी?"

"होत नाही."

"बरं हाय," म्हणाला आणि दोन कॅसेटी घेऊन गेला.

भावाची शिट्टी कधी गेली नाही. पण तो बाजाराला जायला लागला, शेजाऱ्यांशी बोलायला लागला, पुढं वहिनीशी भांडायलाही लागला.

"तुमीच बोलतं केलं यायले," वहिनी मला म्हणाली. ती आभार मानत होती की तक्रार करत होती, ते मी विचारलं नाही.