फोन कोणाला करायचा?

नवरा आणि मी डोंबिवलीतून पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायचो. पेशंटचे रिपोर्ट साठवायला डेटाबेस कुठला घ्यायचा, यावरून कल्याणच्या पहिल्याच लॅबमध्ये आम्ही डॉक्टरांसमोर भांडलेलो. मला मोठ्या कंपनीचा, लायसन्सवाला हवा होता. त्याला ओपन सोर्स.

"अरे, फुकटचा डेटाबेस बंद पडला तर फोन कोणाला करायचा?" मी ओरडले.

"मला करायचा," तो शांतपणे म्हणाला.

डॉक्टरांना तेच पटलं. माझा नुसता जळफळाट झाला. पण तो डेटाबेस आजवर एकदाही बंद पडला नाही. मला फोन करा म्हणणाराच गेल्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. त्याचा मला अजून राग येतो.

परवा घोडबंदर रोडच्या एका लॅबमध्ये मी एकटीच गेलेले. तिथल्या मॅनेजरने विचारलं, "मॅडम, ओपन सोर्स ठीक आहे, पण बंद पडला तर फोन कोणाला करायचा?"

इतक्या वर्षांच्या सवयीने मी नवऱ्याचा नंबर सांगून टाकला.

"मिस्ड कॉल देतो, माझा नंबर सेव्ह करून ठेवा," मॅनेजर म्हणाला, आणि माझ्या पर्समध्ये नवऱ्याचा फोन वाजायला लागला.