मालकांनी खुर्ची सोडली तेव्हा

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी गोंदियात एका राइस मिलमध्ये मॅनेजर होतो. आमचे मालक नागपूरला तीन दिवसांच्या शिबिराला गेले. प्राचीन तत्त्वज्ञानाने धंदा कसा चालवावा, हा शिबिराचा विषय. परत आले ते वेगळेच होऊन. सोमवारी सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "आज से मैं मालिक नहीं, विश्वस्त हूँ. सगळा अहंकार या खुर्चीत आहे. आता जो थकेल, त्याने हिच्यात बसायचं."

आणि स्वतः तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसले.

आता मालक पोत्यावर म्हटल्यावर खुर्चीत कोण बसणार? मीही माझी खुर्ची सोडली. एरवी पोत्यांवर बसून जेवणाऱ्या हमालांनीही मालकांच्या बरोबरीला नको म्हणून डबे उभ्यानेच खाल्ले. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटऱ्यांत गोळे आले.

चौथ्या दिवशी तांदूळ पाखडणारी म्हातारी गुडघा धरत आली आणि त्या गादीच्या खुर्चीत सरळ बसली. मी डोळे वटारले.

"काऊन पाहून राहिला बाबू? मालकानंच त म्हटलं, थकेल त्यानं बसाचं."

नेमका तेव्हाच रायपूरचा एक व्यापारी आत आला, मिलमध्ये पहिल्यांदाच. मालक कोपऱ्यात पोत्यावर डोळे मिटून ध्यानाला बसलेले. म्हातारी मालकांची आई असावी, असं समजून त्याने वाकून तिच्या पाया पडून विचारलं, "माताजी, माल साल भर पुराना है ना?"

जुन्या तांदळाला भाव जास्त; म्हणून सालभर जुना, हे मीच त्याला आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं.

"कायचा सालभर?" म्हातारी म्हणाली. "मागच्या महिन्यात मीनंच त पाखडला. नवा हाये. भात चिकट होते."

मालकांनी एक डोळा उघडला. सत्याचरणाचा पाठ त्यांनी आम्हाला आदल्याच दिवशी तासभर समजावला होता. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग पडेल आवाजात म्हणाले, "माताजी सही बोल रही हैं."

व्यापाऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी हिशेबाच्या वहीत तोंड खुपसलं. माल त्याने घेतला, पण नव्याच्या भावाने.

पंधरा दिवसांत मालकांची कंबर धरली आणि डॉक्टरांनी त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं. मालाबद्दल खोटं सांगणं मात्र त्यांनी मिलमध्ये कायमचं बंद केलं. रायपूरचा फोन आला की व्यापारी मला म्हणायचा, "आप रहने दो, माताजी को दीजिए." म्हातारी रिसीव्हर हमखास उलटा धरायची. मी तो सुलटा करून द्यायचो आणि बाजूला उभा राहायचो.